पायथ्याची दोरी

हर्षला, तुझी तारीख कळली. बुधवार, सकाळी नऊ.
बाळ आडवं आहे म्हणालीस
आणि मग फोनवर नुसताच समुद्र ऐकू आला,
तुझा वेंगुर्ल्याचा की माझा देवगडचा, कळेना.
म्हणून लिहितेय.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतील.
बांगड्या काढायला लावतील. माझी एक निघेना,
कोयंडे सिस्टरने तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली.
मग डॉक्टर म्हणाले, सुंगटासारखी वाक.
घाटावरचे होते,
इथे येऊन एवढा एक शब्द शिकले होते.
पाठीत सुई. मग पाय गेले.
गेले म्हणजे होते तिथेच, पण कुणा दुसरीचे.

दुखणार नाही. कळेल मात्र.
पेटाऱ्याच्या तळाशी ठेवलेलं काहीतरी
कुणी घाईघाईने शोधावं,
तशी हलशील, टेबलासकट.
पडद्यापलीकडे आंब्याच्या भावाचं बोलणं चाललं होतं,
पेटीला यंदा काय मिळालं,
आणि मध्येच ती रडली.
मला वाटलं, शेजारच्या खोलीत कुणाचं तरी.

नंतर थंडी वाजेल. भर मे महिन्यात दातावर दात.
भिऊ नको, ती औषधाची थंडी.
गालाला गाल लावून देतील, तेवढाच.
मला लगेच आनंद झाला नाही.
हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.
चौथ्या दिवशी झाला, दुपारी,
तिने जांभई दिली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकच विचारायचं असतं,
डॉक्टर, सिस्टर, झाडूवाली, शेजारच्या खाटेची सासू:
"वारो सुटलो काय गो?"
आपल्याकडे हे होडीवाल्यांना विचारतात.
सुटला, तेव्हा वॉर्डभर बातमी गेली
आणि मला पेज मिळाली.

खोकला आला तर उशी पोटाशी दाब.
हसू आलं तरी.
पहिल्यांदा उभी राहशील तेव्हा वाटेल
आतलं सगळं आता पायांवर सांडणार.
सांडत नाही. मी खाली बघितलं होतं.
दूध उशिरा येईल, बायका तोंडं करतील,
तू तिला लावत राहा.
पण ताप चढला, टाक्यांतून पाणी आलं,
अंगावरून फार जायला लागलं, पोटरी सुजून दुखली,
तर घरच्यांचं ऐकत बसू नको. रिक्षा बोलव.

घरी आले तेव्हा गोदाकाकी दारातच होती.
"पोटातसून काढल्यानी काय?"
मी म्हटलं, सगळ्यांकाच थयसून काढतत, काकी.
ती हसली. मीही हसले, उशी दाबून.
रात्री मात्र तोच प्रश्न कुशीला घेऊन जागी होते.

सासरे बाळंतिणीच्या खोलीत येत नाहीत.
त्या दिवशी दारावरून जाताना थांबले.
मी उठत होते, म्हणजे उठता येत नव्हतं,
खाटेची कड धरून नुसती कण्हत होते.
काही बोलले नाहीत.
संध्याकाळी पडवीत जाळ्याची जुनी दोरी घेऊन बसले,
वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या
आणि ह्यांच्याकडून खाटेच्या पायथ्याला बांधून घेतली.
कुशीवर वळायचं, मग गाठ धरायची,
मग पुढची,
नांगर ओढून घेतात तसं स्वतःला वर घ्यायचं.
पोटाला काम नाही, सगळं हातांवर.
रात्री एकला, तीनला, पाचला.
महिनाभर मी अशी वर येत होते.

व्रणावरून बोट फिरवलं तर अजून तिथे काही कळत नाही.
दोन वर्षं झाली.
पावसाळी हवेत खाजतं, एवढंच.

दोरी पाठवतेय, उद्याच्या एसटीने, कंडक्टरजवळ.
अळिवाच्या लाडवांच्या डब्याखाली आहे.
दोनदा धुतली, मासळीचा वास जात नाही.
सातवी गाठ जरा सैल झालीय,
तिथे मी थांबायची.